सोबतीने निघालेल्या नौका



नारळी पौर्णिमेला कोकणच्या किनाऱ्यावर दर्याला नारळ अर्पण केला जातो आणि पावसाळाभर विसावलेल्या होड्या पुन्हा समुद्राची वाट धरतात. मासळीसाठी या होड्यांत चढाओढ असते. पण एकीचे यंत्र बंद पडले तर दुसरी जाळे आवरून तिच्या मदतीला वळते. हा दर्याचा जुना शिरस्ता आहे. पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीतही तो कसा पाळला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

सन १९६८ मध्ये इंग्लंडमधील एका वृत्तपत्राने एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात प्रत्येकाने आपल्या सोयीने निघावयाचे होते. नऊ जण निघाले. मात्र कोण कोठे आहे, याची खात्रीलायक माहिती कोणालाच नव्हती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. ती १४ जून १९६८ रोजी फॅलमथहून निघाली आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतली. नऊ जणांपैकी प्रदक्षिणा पुरी करून परतलेले नॉक्स-जॉन्स्टन हे एकटेच.

इतरांची कहाणी मात्र करुण आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांनी अटलांटिक महासागरातच राहून आपल्या प्रगतीची खोटी वार्ता पाठविली. ते आपल्याला गाठणार, या समजुतीने नायजेल टेटली यांनी आपली आधीच खिळखिळी झालेली नौका जोराने हाकली. १९६९ च्या मे महिन्यात ती फुटली. टेटली वाचले. पुढे क्रोहर्स्ट यांची नौका निर्मनुष्य अवस्थेत सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास देऊन टाकले.

या शर्यतीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा सन २०१८ मध्ये ती पुन्हा भरविण्यात आली. नौकानयनाची साधने जुन्याच काळातील ठेवण्यात आली. सूर्यतारे पाहून, सेक्स्टंट या कोनमापक यंत्राच्या साहाय्याने नौकेचे स्थान ठरवावयाचे होते. मात्र दोन गोष्टी बदलल्या. सर्व नौका एकाच दिवशी, १ जुलै २०१८ रोजी, फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरातून निघाल्या. आणि प्रत्येक नौकेचे ठिकाण उपग्रहाद्वारे संयोजकांना कळत राहील, अशी व्यवस्था झाली. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही नौका सुहेलीच्याच घाटाची, गोव्यात बांधलेली होती.

२१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात भीषण वादळ झाले. थुरिया उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना उठताही येईना. त्याच वादळात आयर्लंडचे ग्रेगर मॅकगुकिन यांच्या नौकेच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. त्यांना स्वतःचाच जीव सांभाळावयाचा होता. तरीही हाती लागलेल्या सामानातून तात्पुरते शीड उभारून त्यांनी नौका टॉमी यांच्या दिशेने वळविली. भारतीय व ऑस्ट्रेलियन विमानांनी थुरियाचा शोध घेतला. २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने टॉमी यांना उचलून घेतले आणि त्यानंतर मॅकगुकिन यांनाही. मॅकगुकिन वेळेत पोहोचू शकले नाहीत. पण तुटक्या नौकेने धरलेली ती दिशा हीच त्या शर्यतीची खरी कमाई होय.

पुढची शर्यत ४ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच बंदरातून निघाली. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेले टॉमी त्यातही होते. १८ नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांच्या नौकेत मागील बाजूने पाणी शिरले आणि काही मिनिटांतच ती बुडाली. ते तराफ्यावर उतरले. सर्वांत जवळ होत्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर, तरी अंतर सुमारे १०० सागरी मैलांचे होते. टॉमी यांनाही मार्ग बदलण्याची सूचना गेली. नॉइशेफर यांनी रात्रभर नौका हाकून दुसऱ्या दिवशी तराफा गाठला, लेहतिनेन यांना आपल्या नौकेवर घेतले आणि नंतर ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केले. मग त्या पुन्हा आपल्या वाटेला लागल्या. २७ एप्रिल २०२३ रोजी त्याच प्रथम आल्या. टॉमी दोन दिवसांनी, २९ एप्रिलला, दुसरे आले.

या घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नॉइशेफर यांचे धैर्य मोठे, यात शंका नाही. परंतु लेहतिनेन कोठे आहेत आणि त्यांच्याजवळ कोण आहे, हे कळले नसते तर त्या धैर्याला दिशाच मिळाली नसती. सोबत ही केवळ सद्भावनेची बाब नसून निघण्यापूर्वीच्या तयारीचा भाग आहे. आपण कोठे जाणार, कधी परतणार, कोणाच्या हाकेच्या अंतरावर असणार, हे नांगर उचलण्याआधी ठरलेले असावे. कोणी परतला नाही, तर ते किनाऱ्यावर कोणाच्या तरी लक्षात यावे.

किनाऱ्यावरील शाळांत शिक्षकांनी या सफरी जरूर सांगाव्यात. होडी निघण्यापूर्वी तिच्यावरील माणसांची नावे व परतण्याची वेळ नोंदविली जाते की नाही, याकडे पंचायत सदस्यांनीही लक्ष द्यावे. नारळी पौर्णिमेच्या नारळाइतकेच या नोंदीलाही महत्त्व आहे. दर्यावर शर्यत कितीही चुरशीची असो, संकटात पडलेल्याला शेजारी असतो तो सोबत निघालेल्या नौकेचाच. तो शेजारी कोठे आहे, हे मात्र आधी ठाऊक असावे लागते.