बोर्ड उडाला, पण नेमका कुठे?



चिपळूण तालुक्यातले पोफळी हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले ते विजेमुळे. सह्याद्रीपलीकडे कोयनेचे पाणी अडवले, डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे आणले आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडून जमिनीखालच्या वीजगृहात चाकांवर घातले. १९६२ साली इथले पहिले यंत्र फिरू लागले. पहिल्या दोन टप्प्यांच्या आठ यंत्रांची ताकद आज ६०० मेगावॅट आहे. इथून वीज बाहेर पडते ती २२० किलोव्होल्टने, म्हणजे दोन लाख वीस हजार व्होल्टच्या दाबाने. मग ती ठिकठिकाणी उतरत येते. आपल्या घरातल्या बटणापाशी २३० व्होल्ट होते, अडॅप्टरमधून बाहेर पडताना बारा नाहीतर पाच व्होल्ट होते, आणि शाळेतल्या राउटरच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डावरच्या चिपपाशी पोचेतो पुष्कळदा ३.३ व्होल्टच उरते.

एवढा मोठा हा उतार. त्यातली शेवटची पायरी चुकली की बोर्ड उडतो. आणि ही पायरी बहुधा आपल्याच हाताने चुकते, बरे का! त्याविषयी आज बोलायचे आहे.

त्याचे कारण अडॅप्टरची पिन. बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाडीची गोल पिन तुम्ही पाहिलीच असेल. कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, राउटरचा ९ व्होल्टचा, आणखी कशाचा तरी ५ व्होल्टचा, साऱ्यांची पिन तीच. भोकात बसली म्हणजे चालते, अशी आपली समजूत. त्यातून भजनी मंडळाचा कीबोर्ड असला तर आणखी एक फसगत. बहुतेक यंत्रांत पिनीचा मधला भाग अधिक असतो, पण काही कीबोर्डांना मधला भाग उणे लागतो. म्हणजे व्होल्ट बरोबर असले तरी वीज उलटी शिरते. अडॅप्टरच्या पाठीवर ‘आउटपुट’च्या पुढे व्होल्ट लिहिलेले असतात. तिथेच एक छोटी आकृती असते, मध्ये ठिपका आणि दोन बाजूंना अधिक-उणे. दोन्ही वाचावे आणि यंत्राच्या पाठीवर जे लिहिले आहे त्याच्याशी ताडून पाहावे. अॅम्पियरचा आकडा यंत्राला लागतो त्याहून मोठा असला तर बिघडत नाही; यंत्र आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते. व्होल्टचे तसे नाही.

आता समजा, व्हायचे ते झाले. नऊ व्होल्टच्या राउटरला कुणी बाराचा अडॅप्टर लावला, किंवा पाच व्होल्टच्या बोर्डाला बाराचा. दिवे गेले, जरासा वास आला. इथे आपल्याकडे लगेच निकाल देतात, ‘गेला, टाकून द्या.’ हा निकाल मला घाईचा वाटतो.

का, ते पाहा. पोफळीच्या बोगद्याच्या शेवटाकडे एक मोठी उभी विहीर आहे. इंजिनिअर मंडळी तिला सर्ज वेल म्हणतात. खालची यंत्रे एकाएकी बंद झाली की बोगद्यातून वेगाने येणारे पाणी अडते, त्याचा धक्का बसतो. ते पाणी विहिरीत वर चढते आणि बोगदा व नळ वाचतात. चांगल्या बोर्डावरही वीज शिरते त्या तोंडाशीच असे राखणदार बसवलेले असतात. एक फ्यूज असतो. एक डायोड असतो, दाब ठराविक आकड्यापलीकडे चढला की वीज स्वतःतून वळवणारा. कधी उलट्या विजेला अडवणारा दुसरा डायोडही असतो. फरक एवढाच, की विहीर पाणी उतरल्यावर पुन्हा तयार असते, आणि डायोड थोडा वेळ सोसतो व मग स्वतः जळून आरपार जोडला जातो. त्याने वीज अडवलेली असते म्हणून बोर्ड मुका दिसतो. आतले बाकीचे सारे धडधाकट असू शकते.

तेव्हा तपासणी तोंडाकडून आत करत जावे. मधूनच एखाद्या चिपवर संशय घेऊ नये.

पहिले काम, अडॅप्टर काढा. बोर्ड संगणकाला जोडलेला असेल तर तोही सोडवा. मग उजेडात नुसते पाहा. उभ्या डबीसारखे जे कपॅसिटर असतात त्यांची टाळू सपाट हवी. ती फुगली असेल, फुलीसारख्या खाचेवर उकलली असेल, तर तो गेला. चिपवर फोड, बारीक भोक, भोवती तपकिरी डाग, हेही पाहा. नाकाचा उपयोग करायला लाजू नका, जळका वास ज्या भागाशी जास्त येतो तो भाग लक्षात ठेवा.

मग मल्टिमीटर. साधा डिजिटल मीटर फार महाग नाही, आणि विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेत तो असावा असे माझे मत आहे. आधी अडॅप्टर मोजा, मीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवून. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर नुसता मोजला तर लिहिल्यापेक्षा बराच जास्त दाब दाखवतो, त्याने घाबरू नका. हलक्या, नव्या पद्धतीच्या अडॅप्टरने मात्र जवळजवळ लिहिलेलाच आकडा दाखवायला हवा.

नंतर वीज न लावता बोर्डाच्या तोंडाशी अधिक आणि उणे यांमधला रोध मोजा. मीटर शून्याच्या आसपास राहिला, पीं पीं वाजत राहिला, तर कुठेतरी आरपार जोड झाला आहे. बहुधा तो राखणदार डायोडच असतो. त्याचे एक टोक सोल्डर वितळवून उचला आणि पुन्हा मोजा. रोध वर चढला, तर चोर सापडला. उलट, रोध ठीक आहे पण वीज आत जातच नाही, तर फ्यूज पाहा. काही फ्यूज तापले की वाट बंद करतात आणि थंड झाल्यावर आपोआप उघडतात. अशा बोर्डाला अर्धा तास विश्रांती दिली की तो कधीकधी उठून बसतो. साधा फ्यूज उडाला असेल तर त्याच मापाचा घाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळण्याची आपल्याकडची जुनी खोड फार महागात पडते. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळतो, कधी घरही.

जळका भाग बदलल्यावर एकदम पूर्ण वीज देऊ नका. १२ व्होल्टचा बोर्ड असेल तर मोटारसायकलचा १२ व्होल्टचा लहान बल्ब, जुना तारेचा, अधिकच्या वाटेवर एकसर जोडा. बल्ब क्षणभर लुकलुकून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत अजून जोड आहे, वीज काढा. कोणता भाग तापतो ते कळत नसेल तर बोर्डावर थोडे स्पिरिट लावा. जिथले आधी सुकते तिथे दोष. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे कमी दाबाच्या बोर्डावर, वीज क्षणभरच देऊन आणि विस्तव, सोल्डरिंगची इस्त्री लांब ठेवूनच करावे.

यापुढे पाहायचा तो रेग्युलेटर, म्हणजे बारा-नऊचे पाच किंवा ३.३ करणारा तीन पायांचा भाग. त्याच्या आत-बाहेरचा दाब मोजा. आत बरोबर आणि बाहेर काहीच नाही, तर तो मेला, पण मागच्यांना वाचवून गेला. आत बारा आणि बाहेरही बारा, तर तो वाट मोकळी करून बसला, आणि मागच्या चिपने सारा मार खाल्ला. अशा बोर्डावर फार वेळ घालवू नये. मनाला लागते, पण घालवू नये.

गुरुजींसाठी एक वेगळा शब्द. काही शाळांच्या प्रयोगशाळेत हल्ली आर्डुइनो उनो नावाचे बोर्ड आले आहेत. त्याच्या गोल तोंडातून ७ ते १२ व्होल्ट द्यावेत असे सांगितलेले असते, कारण तिथे पुढे रेग्युलेटर आहे. पण बाजूच्या ‘५ व्होल्ट’ लिहिलेल्या खाचेत तेच बारा घातले की ते थेट चिपवर जातात, आणि तिची सहनशक्ती ६ व्होल्टपर्यंतच. म्हणजे तोच अडॅप्टर एका दारातून पाहुणा आणि दुसऱ्या दारातून दरोडेखोर! ज्या बोर्डावर ही चिप लांबट, पायांची, खाचेत बसवलेली असते तिथे ती उचकटून नवी बसवता येते, मात्र तिच्यात सुरुवातीचा प्रोग्रॅम आधी भरलेला हवा. चपटी, सोल्डर केलेली असेल तर ते काम कारागिराचे.

आता भिंतीतल्या विजेविषयी थोडे. खांबावर तीन फेजच्या तारा आणि एक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये सुमारे ४००. पावसाळी वाऱ्यात झाडाची फांदी पडून न्यूट्रल तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे चारशेवर एकापाठोपाठ एक जोडली जातात. ज्याच्याकडे इस्त्री आणि पंप चालू, त्याचा दाब उतरतो. ज्याच्याकडे नुसता टीव्ही, त्याचा चढतो. खूण अशी, की काही दिवे डोळे दिपवणारे आणि काही मिणमिणते. हे दिसताच मेन स्विच बंद करा आणि वीजमंडळींना कळवा. टीव्ही, अडॅप्टर यांच्या आत ४०० व्होल्टचा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ असते, ते त्याला झेपते. चारशेचे शिखर ५६५ पर्यंत जाते, ते झेपत नाही. अशा वेळी उडालेला भाग मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर भरलेला राहू शकतो आणि जीवघेणा झटका देतो. वर सांगितलेली सारी तपासणी अडॅप्टरच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूची आहे.

आणि बोर्ड दुरुस्तीला द्यायचा झालाच, तर सोबत एक चिठ्ठी बांधा. कोणता अडॅप्टर लावला होता, त्यावर काय लिहिले आहे, किती वेळ लागला होता, वास कुठून आला, एवढे त्यात असावे. शक्य तर तो अडॅप्टरही सोबत द्या. बारा व्होल्ट लागले हे कारागिराला ठाऊक असले तर तो दहा मिनिटांत डायोडपाशी पोचतो. ‘आपोआप बंद पडला’ एवढेच सांगितले तर दिवसभर चाचपडतो, आणि शेवटी टाकून द्या म्हणतो. शाळेत हे फार घडते, कारण ज्या पोराच्या हातून अडॅप्टर बदलला ते बोलण्यांच्या भीतीने गप्प बसते. त्या पोराला जवळ बसवून नीट विचारा. चिठ्ठीत त्याचे नाव लिहायची गरज नाही, अडॅप्टरचे व्होल्ट तेवढे लिहा.