भाकरीचं पीठ आणि तापलेला धातू

श्रोतेहो, भाकरी थापताना घरच्या बाया परातीत आधी चिमूटभर पीठ भुरभुरतात. ते नसलं की गोळा परातीला धरून बसतो, हाताखाली फिरत नाही, आणि कडेला चिरतो. पिठाचा तो थर म्हणजे कोरडं वंगणच.

आपलं कोल्हापूर ओतकामासाठी नावाजलेलं. बीड चिवट व्हावं म्हणून त्याच्या रसात थोडं मॅग्नेशियम घालतात, हे उद्यमनगरातल्या ओतारी मंडळींना ठाऊक आहे. आज बोलायचं ते याच धातूविषयी. पण वितळवून ओतण्याविषयी नव्हे, तर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंना नुसतं तापवून साच्यात दाबण्याविषयी.

मॅग्नेशियम पाण्याच्या पावणेदोनपट जड, तर लोखंड जवळजवळ आठपट. म्हणून विमानं, मोटारी बनवणाऱ्यांना त्याचं अगत्य. पण थंड असताना वाकवू गेलं तर ते तडकतं. त्याच्या अणूंची रचना षटकोनी, आणि थरांना एकमेकांवरून सरकायला वाटा थोड्या. सुमारे २२५ अंश सेल्सिअसच्या पुढं आणखी वाटा मोकळ्या होतात. म्हणून दाबकाम बहुधा २५० ते ४०० अंशांत करतात.

आता वंगण कोणतं लावायचं? गाडीच्या आखाला घालतो ते तेल इथं धूर होऊन जाईल. साबण, चरबी कमी उष्णतेलाच टिकतात. मग उरतं ग्राफाइट, पेन्सिलीच्या शिशातलं. ते उष्णता सोसतं, साच्याला धातू चिकटू देत नाही. मात्र काम झाल्यावर ते घासूनपुसून, आम्लानं धुऊन काढावं लागतं. अंगावर राहिलं आणि ओल लागली, की ते मॅग्नेशियमला खाऊ लागतं. घाईचा कारागीर नेमका इथंच फसतो.

शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग जरूर करावा. खेळण्यातल्या मऊ क्लेची दोन कडी करा: बाहेरचा व्यास ६, भोक ३, उंची २ सेंटिमीटर. एक पावडर लावलेल्या दोन गुळगुळीत पाट्यांमध्ये दाबा, दुसरं दोन खरकागदांमध्ये. पहिल्याचं भोक मोठं होईल, दुसऱ्याचं आक्रसेल. कारण घर्षणानं अडलेला माल बाहेर जाण्याऐवजी आत वळतो. यावरूनच घर्षण मोजण्याची रीत मेल आणि कॉकक्रॉफ्ट या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास मांडली. कारखान्यात क्लेच्या जागी खरी धातूची कडी तापवून दाबतात, इतकाच फरक.

आणि एक जिवाची गोष्ट. मॅग्नेशियमचा ठोकळा सहसा पेटत नाही, पण त्याचा कीस, बारीक तासण भडकते. आग दिसली की आपला हात पाण्याच्या बादलीकडं जातो. इथं तो आवरायचा! पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग उसळते. अशा आगीसाठी खास कोरड्या पावडरी मिळतात. काही मिठाच्या, काही त्याच ग्राफाइटच्या. काम सुरू करण्याआधी ती पेटी हाताशी आहे ना, एवढं पाहून घ्यावं.