सुरळींतील अळीची ओळख

अळी म्हटली कीं ती पानावर, खोडांत किंवा फळांत राहणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. पतंगाची अळी पाण्यांत राहते, असें सांगितलें तर ऐकणाऱ्यास तें खरें वाटणें कठीण. परंतु फ्रान्समधील निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनीं १७३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तळ्यांतील वनस्पतींच्या पानांचे तुकडे जोडून घर करणाऱ्या अशाच एका अळीचें वर्णन आहे. तिची एक बहीण कोंकणांतील शेतकऱ्यास चांगलीच परिचित आहे. भाताची लावणी होऊन खाचरांत पाणी साठलें, कीं पानांच्या बारीक सुरळ्या त्यावर तरंगूं लागतात. त्यांच्या आंत बसलेली अळी ती हीच.

तिची ओळख नीट पटणें अगत्याचें आहे, कारण भाताचीं पानें पांढरीं पाडणारे कीटक अनेक आहेत. निळा भुंगेरा पानावर समांतर पांढऱ्या रेषा ओढतो. पानें गुंडाळणारी अळी पान उभें दुमडते, पण तें रोपावरच ठेवून आंतला हिरवा भाग खाते. या दोघांचें शेतांतल्या पाण्यावांचून कांहीं अडत नाहीं. तेव्हां त्यांच्यासाठीं खाचरांतलें पाणी सोडून देणें म्हणजे पाणीहि गेलें आणि कीडहि राहिली. सुरळींतील अळी पानाचें टोंक कातरीनें कापावें तसें तोडते, त्याची नळी करून आंतून रेशमानें अस्तरते, आणि ती अंगावर घेऊनच हिंडते. ती पान खरवडते तेव्हां शिरा तशाच राहतात व मधला पापुद्रा कागदासारखा पांढरा पडतो. पान शिडीसारखें दिसूं लागतें.

सुरळी हलकेच उकलून अळी पांढऱ्या बशींत, थोड्या पाण्यांत सोडावी. कोरडी अळी हातावर घेऊन पाहण्यांत अर्थ नाहीं, कारण तिची मुख्य खूण पाण्यांतच फुलते. अंग फिकट हिरवें, जवळजवळ पारदर्शक, डोकें नारिंगी-तपकिरी, आणि दोन्ही कुशींस बारीक, फांट्याफांट्यांचे पांढुरके तंतू. हे तिचे कल्ले होत. त्यांच्यांत श्वासनलिकांचे फांटे शिरलेले असतात, व पाण्यांत विरघळलेला प्राणवायु त्यांतून अळीस मिळतो. पाण्याबाहेर हेच तंतू अंगास चिकटून बसतात, आणि मग ती कोणत्याहि साध्या अळीसारखी दिसते.

पण कल्ले दिसले म्हणजे ओळख पुरी झाली, असें मात्र नव्हे. कॅडिस नांवाच्या माशीची अळीहि पाण्यांत राहते, तिलाहि बहुधा कल्ले असतात, आणि तीहि रेशमानें वाळू, काटक्या वा पानांचे तुकडे जोडून घर बांधते. घरावरून जातीची परीक्षा करणारा येथें हमखास फसतो. निर्णय पायांवर करावा. दोघींच्याहि छातीस सांध्यांच्या पायांच्या तीन जोड्या असतात. पतंगाच्या अळीस त्यांखेरीज पोटाखालीं मांसल, आंखूड पायांच्या चार जोड्या व शेवटीं एक जोडी असते. भिंगांतून पाहिल्यास त्यांच्या तळव्यांवर सूक्ष्म आंकडे दिसतात. कॅडिसचें पोट पायांवांचून असतें. केवळ शेवटच्या टोंकास आंकड्यांची एक जोडी. कल्ल्यांच्या तिसऱ्या एका कीटकाला, म्हणजे मेफ्लायच्या पिल्लाला, शेपटीस दोन वा तीन लांब तंतू असतात. त्याच्याविषयीं घोटाळा होण्याचें कारण नाहीं.

ओळख पटली, कीं तिच्या श्वासाची रीत हाच तिच्यावरील उपाय ठरतो. दोघांनीं दोर धरून पिकावरून ओढावा, म्हणजे सुरळ्या पाण्यांत पडतात; मग पाणी काढून दोन-तीन दिवस खाचर कोरडें ठेवावें. थोड्या सुरळ्या दिसल्या म्हणून ही घाई करूं नये. कोंवळें रोप पुष्कळदां नवीन पानें फुटून सांवरतें. आणि पाणी काढतांना बांधाच्या तोंडाशीं जाळी किंवा फडकें धरून सुरळ्या गोळा कराव्या व नष्ट कराव्या. तसें न केल्यास त्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या खाचरांत जातात.