वळूची सोयरीक



मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे भाषणही गोठ्यातलंच. आपल्यातले बरेच जण आजही गाई सांभाळतात. भेटलात की तक्रार ठरलेली: कालवड उलटते, वासरू अशक्त निघतं. चारापाणी बघाच, पण तिचा बाप कोण तेही विचारा.

देवणी आणि लाल कंधारी या आपल्या मराठवाड्याच्या जाती. गावात वळू एकच, तोही वर्षानुवर्षे. तीनेक वर्षांत त्याचीच लेक माजावर येते आणि त्याच्याकडेच जाते. अशा वासरात सरासरी २५ टक्के जनुकजोड्या एकसारख्या होतात, झाकलेला दोष उघडा पडतो. पोरांची सोयरीक जमवताना आपण दहा घरी चौकशी करतो, इथं एकालाही विचारत नाही!

कांडी भरली म्हणून सुटका नाही. १९६२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ‘चीफ’ या होल्स्टीन वळूला १६ हजार लेकी झाल्या. दूध वाढलं, पण त्याच्या वंशातल्या एका जनुकदोषामुळे जगभरात अंदाजे ५ लाख गर्भ पडले.

तेव्हा गावचा वळू दर तीन वर्षांनी लांबच्या गावाशी बदला. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो वहीत लिहा. आईचा नंबर लेकीला नको. आणि ऊसतोडीला जाताना ती वही घरी राहणाऱ्याच्या हाती द्या.