आधी मूळ पाहा, मग पंप उचला



  समोरच्या टेबलावर सोयाबीनची चार रोपं ठेवली आहेत. काल संध्याकाळी आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या चार शिवारांतून मुळासकट उपटून आणली. चारही पिवळी आहेत. मागच्या रांगेतून पाहणाऱ्याला चौघांचं दुखणं एकच वाटेल. आणि चारही शेतांत गेल्या आठवड्यात एकच बुरशीनाशक फवारलं गेलं आहे.

पहिलं रोप पाहा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच, आणि खालची जुनी पानं ठणठणीत. हा रोगच नव्हे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण पिकाला उचलता येत नाही. पाणी तुंबलं की आणखीच अडतं. अशा शेतात चर काढून पाणी बाहेर घालवायचं, वापसा आला की कोळपं धरायचं आणि गरज असली तर फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी करायची.

दुसऱ्या रोपाच्या पानांवर गडद पिवळे, वेडेवाकडे चट्टे हिरव्यात मिसळले आहेत. हा पिवळा मोझॅक, ज्याला आपण केवडा म्हणतो. शेतात पान हळूच उलटं केलं तर पांढरी माशी दिसते. ती रोगट झाडाचा रस पिते आणि त्यातला या रोगाचा विषाणू शेजारच्या झाडात सोडते. विषाणूवर बुरशीनाशकाचा काडीचाही परिणाम होत नाही. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध बाजारात नाही, आणि हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं म्हणून मी सांगतो आहे. पहिली झाडं दिसली त्याच दिवशी ती उपटून बांधापासून लांब पुरायची, पिवळे चिकट सापळे लावायचे आणि माशीचा बंदोबस्त करायचा. तोही एकाच गटाचं कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारून नव्हे.

तिसऱ्याचं खोड मी ब्लेडनं उभं चिरलं आहे. मधोमध तांबूस, नागमोडी भुयार, आणि त्यात ही पिवळसर अळी. खोडमाशी! अळी आत शिरल्यावर वरून ओतलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं कठीण. तिचा विचार बियाण्याला कीटकनाशक लावतानाच करायचा असतो, आणि पेरणीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत.

चौथ्याचं सोटमूळ नखानं खरवडा. सालीखाली कोळशाची भुकटी शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. ही मॅक्रोफोमिना बुरशी, मूळकूज आणि खोडकूज आणणारी. ऐन शेंगा भरताना पावसानं ओढ दिली, जमीन तापली की हिचं फावतं. आता या झाडाचं काही होणार नाही. मात्र पुढच्या वर्षीचं बरंच काही आपल्या हातात आहे.

या बुरशीपाशी मी थोडा थांबतो. रब्बी ज्वारीत जो खडखड्या येतो, ज्यात ताटं पोकळ होऊन आडवी होतात, तोही हीच बुरशी आणते. म्हणजे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी घेऊन आपण फेरपालट केली असं समजतो, पण जमिनीतल्या या शत्रूला दोन्ही हंगामांत जेवण मिळतं. शेणखत, ट्रायकोडर्मा, रुंद सरी-वरंब्यावर धरलेली ओल आणि विरळ पेरणी, हे सारं म्हणूनच महत्त्वाचं. दाट पेरलेलं पीक ताणाच्या वेळी एकमेकांचंच पाणी पळवतं.

2023 चा खरीप आपण विसरलेलो नाही. देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी नोंदला गेला. मराठवाड्यात पाऊस गायब झाला, पांढरी माशी वाढली, आणि पाठोपाठ मोझॅक आणि मूळकूज दोन्ही आले. शेतं पिवळी पडत गेली तशा दुकानांसमोर रांगा लागल्या. घाबरलेल्या माणसाला हाती काहीतरी हवं असतं. त्यानं पैसे घातले, पंप पाठीवर घेतला, आणि पीक तरी गेलंच. त्या खर्चाचा मला आजही त्रास होतो, कारण त्यातला मोठा भाग निदान चुकल्यामुळं झाला.

2025 च्या सप्टेंबरात उलट घडलं. भूम-परंड्याकडं नद्या शेतांत शिरल्या, उभं आणि काढलेलं सोयाबीन भिजलं. भिजलेल्या शेंगेतून बुरशी दाण्यात उतरते आणि बियाण्यासोबत पुढच्या हंगामात येते. घरचं बियाणं वापरायला माझी ना नाही, उलट आग्रह आहे. पण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किमान सत्तर उगवतात का ते पाहिल्याशिवाय पेरू नका. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक अगदी शेवटी. हा क्रम उलटला तर संवर्धकातले जिवाणू मरतात.

तुरीच्या बाबतीत आपल्याला दिलासा देणारा अनुभव आहे. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, वांझ रोग कोळ्यांमार्फत पसरतो. दोन्हींपुढं शेतकरी हतबल होता. परभणीच्या विद्यापीठाच्या बदनापूर संशोधन केंद्रानं बीएसएमआर 736 सारखं दोन्ही रोगांना दाद न देणारं वाण दिलं, पुढं लवकर येणारं बीडीएन 711 आलं, आणि तूर पुन्हा उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांनी रोगट जमिनीत वर्षामागून वर्ष झाडं वाढवून, मेलेली बाजूला काढून, जगलेली निवडली. सोयाबीनमध्येही पिवळ्या मोझॅकला टिकणारं, आपल्या हलक्या-मध्यम जमिनीत भरणारं वाण याच चिकाटीनं हवं आहे. विद्यापीठाच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, निवडीचे प्रयोग धाराशिवच्या शेतांतही घ्या. तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र हाताशी आहेच.

शेवटी दोन ठराव मांडतो. पहिला, जुलै ते ऑक्टोबर या काळात आठही तालुक्यांत आठवडी बाजाराच्या दिवशी पीक रोगनिदानाची एक खोली उघडी असावी. तिथं सूक्ष्मदर्शक असावा आणि तो वापरता येणारा माणूस असावा. मोबाइलवरच्या फोटोत मूळ दिसत नाही. शेतकऱ्यानं एक आजारी आणि एक निरोगी झाड मुळासकट, मातीसह आणावं.

दुसरा ठराव दुकानदार मित्रांसाठी आहे. रागावू नका, रात्री आठ वाजता शेतकऱ्याला तुमच्याशिवाय कुणी भेटत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच पावतीवर औषधाच्या नावापुढं ते कशासाठी दिलं, त्या रोगाचं किंवा किडीचं नाव लिहा. नाव लिहिता येत नसेल तर त्या दिवशी औषध देऊ नका, झाड निदानाच्या खोलीत पाठवा.

दोन्ही ठरावांचे मसुदे दुपारच्या सत्रात वाचले जातील. प्रत्येक तालुक्याच्या प्रतिनिधीनं आपल्याकडच्या बाजाराचा वार आणि खोलीसाठी सुचणारी जागा जेवणाच्या सुट्टीत कार्यवाहांकडं लिहून द्यावी.