रस्ता बदलतो आहे, आपण केव्हा बदलणार?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजातील किती घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? कोणी ट्रक चालवितो, कोणी रिक्षा; कोणी गॅरेजमध्ये इंजिन खोलतो, तर कोणी आखातात टॅक्सी चालवून घरी पैसे पाठवितो. रस्त्याने आपल्याला भाकर दिली. आज तो रस्ताच बदलत आहे. त्याविषयी दोन शब्द सांगावेत म्हणून मी उभा आहे. मी अभियंता नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा आणि प्रसंगी गणिताचा तास घेणारा एक शिक्षक आहे. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका विद्यार्थ्यामुळे. त्याचे वडील टुरिस्ट गाडी चालवितात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून आल्यावर काही दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर दंडाचे चलान आले. “वाटेत कोणी अडविले नाही. कॅमेऱ्याजवळ मी गाडी हळू केली होती. मग दंड कसला?” असे ते घरी संतापून बोलत होते. दुसऱ्या दिवशी मुलाने वर्गात विचारले, “सर, अब्बांनी गाडी हळू केली, तरी यंत्राला वेग कसा कळला?” मला उत्तर देता आले नाही. “पुढे पाहू” म्हणून मी वेळ मारून नेली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मग मी चौकशी केली, वाचले. त्या मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची नवी व्यवस्था सुरू झाली आहे. एक कॅमेरा गाडीचा क्रमांक व वेळ टिपतो आणि काही अंतरावरील दुसरा कॅमेरा पुन्हा तेच टिपतो. समजा, दोन कॅमेऱ्यांमध्ये 10 किलोमीटर अंतर आहे आणि गाडीने ते 5 मिनिटांत कापले. म्हणजे सरासरी वेग ताशी 120 किलोमीटर झाला. सपाट रस्त्यावर मोटारीला मर्यादा 100 ची. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून काय उपयोग? हे तर आपल्या शाळेतले काळ-काम-वेगाचे गणित! मुलाने ते वहीत मांडून वडिलांना दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “वीस वर्षे गाडी चालवितो, पण हे मला कोणी सांगितले नव्हते.”

यालाच बुद्धिमान वाहतूक व्यवस्था म्हणतात. रस्त्यावर काय चालले आहे ते यंत्राने पाहावयाचे, ते नियंत्रण कक्षाला कळवावयाचे आणि त्यावरून निर्णय घ्यावयाचा. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते. रेल्वेने 2020 मध्ये ‘कवच’ ही प्रणाली स्वीकारली. चालकाने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केले, तर ती आपोआप ब्रेक लावते.

हे सारे कशासाठी? 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज 460 हून अधिक. त्यांच्यात गाडी चालविणारेही होते, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

पालकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. टोलनाक्यावर पावती फाडणाऱ्या हातांचे काम फास्टॅगने कमी केले. परंतु त्याच यंत्रणेला केबल टाकणारे, कॅमेरा बसविणारे, बिघाड शोधणारे, नियंत्रण कक्षात बसणारे आणि संगणकाचा प्रोग्राम लिहिणारे हात लागतात. यंत्रही चुकते, मळलेल्या पाटीवरचा आकडा ते चुकीचा वाचू शकते. ती चूक ओळखणारा माणूस लागतोच. ते हात आपल्या मुलांचे का असू नयेत?

“नववी झाली, आता पोराला गॅरेजला घाला,” असे म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्यांची अडचण मी जाणतो. परंतु गॅरेजही आता पूर्वीचे राहिले नाही. नव्या गाडीला स्कॅनर जोडावा लागतो आणि त्यावर उमटणारा बिघाडाचा संकेत वाचावा लागतो. दहावीपर्यंत थांबा. त्यानंतर आय. टी. आय. मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन यांसारखे अभ्यासक्रम आहेत. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्यापुढे पदवीची वाट मोकळी आहे. आणि मुलींना मागे ठेवू नका. नियंत्रण कक्षातल्या खुर्चीला मुलगा-मुलगी असा भेद कळत नाही.

शिक्षक बंधूंना माझी विनंती आहे की, प्रथम आपण शिकू या. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. मी वर्गाला शाळेजवळच्या चौकात पदपथावर उभे केले. पंधरा मिनिटांत कोणत्या दिशेने किती रिक्षा, किती दुचाकी, किती ट्रक गेले ते मुलांनी मोजले, त्याचा आलेख काढला आणि सिग्नलचा हिरवा दिवा कोणत्या बाजूला किती सेकंद हवा यावर वाद घातला. गणितात नापास होणारी दोन मुले त्या दिवशी सर्वांत पुढे होती. वाहतूक अभियंताही आपल्या कामाला गाड्या मोजण्यापासूनच सुरुवात करतो.

ज्याने प्रश्न विचारला तो विद्यार्थी आता दहावीत आहे. आय. टी. आय. की डिप्लोमा, अशी चर्चा त्याच्या घरी चालू आहे. पूर्वी त्याच घरात शाळा केव्हा सोडावयाची, ही चर्चा होती. एवढा बदल एका प्रश्नाने झाला. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारा. आणि शिक्षकाला उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.