शोध आणि सूची



एकेकाळी मराठीचा प्राध्यापक संदर्भासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडीत असे. १८०० ते १९५० या काळातील मुद्रित ग्रंथांची नोंद तीत आहे. आज तो संगणकापुढे बसतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगे’त देशभरातील प्रबंध वाचता येतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. परंतु यंत्र नोंदलेले तेवढेच दाखविते. जुन्या मराठी मासिकांतील जो लेख कोणत्याच सूचीत नाही, तो नव्या संशोधकाच्या लेखी लिहिलाच गेलेला नसतो! म्हणून कपाटातील एकेका अंकाची अनुक्रमणिका संगणकात उतरविणे, हेच ग्रंथालयाचे यापुढील शारदापूजन होय.